एफवायला केटी लागली होती, तरी बीडीएसला नंबर लागला

बीडीएसच्या, म्हणजे दाताच्या डॉक्टरकीच्या ॲडमिशनला बीएस्सीचा निकाल कुणी विचारत नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितेय कारण मला हे सांगणारं त्यावेळी कुणी नव्हतं, आणि आमच्या पलूस-तासगाव भागातल्या कितीतरी पोरापोरींना अजूनही वाटतं की एकदा एफवायला, म्हणजे डिग्रीच्या पहिल्या वर्षाला केटी लागली, विषय राहिला, की डॉक्टरकीचा विषय संपला. तसं काही नाहीये. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ओपनला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात, इंग्लिश पास लागतं, आणि नीट ही देशभराची प्रवेश परीक्षा क्वालिफाय लागते. त्यापुढं सगळा खेळ नीटच्या मार्कांचा. मधल्या काळात तुम्ही बीएस्सी करत होता, घरी बसला होता का द्राक्षाच्या बागेत कामाला जात होता, हे मेरिट लिस्टमध्ये कुठंच येत नाही. येतं फक्त कागदपत्रांत, गॅपचं, म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाचं ॲफिडेव्हिट म्हणून. त्याबद्दल पुढं लिहिते.

माझं गाव भिलवडीजवळ, कृष्णेच्या काठाला. दहावीपर्यंत गावातली मराठी शाळा, मग अकरावी बारावी सायन्स. २०१९ ला बारावी झाली, मार्क बरे पडले, नीट पण दिली होती पण तिचा स्कोअर सांगण्यासारखा नव्हता, म्हणून सांगलीतल्या एका कॉलेजला बीएस्सीला ॲडमिशन घेतलं. रोज सकाळी भिलवडी स्टेशनवरनं पॅसेंजर, नांद्रे, माधवनगर, सांगली, आणि संध्याकाळी परत. जूनचा शेवट, जुलै असं गेलं. नवीन जर्नल, नवीन ॲप्रन, डिसेक्शन बॉक्स, सगळं आण्णांनी ऊसबिलातनं घेऊन दिलेलं.

आणि ऑगस्टमध्ये महापूर आला.

ज्यांनी तो पूर बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा रात्र होती. २००५ ला आलं होतं तिथपर्यंतच येईल असं आज्जी ठामपणे म्हणत होती म्हणून आम्ही सामान त्या खुणेच्या वर ठेवलं होतं, म्हणजे माळ्यावर नाही, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. पाणी कपाटाच्या पण वर गेलं. आम्ही म्हशी सोडवून स्टेशनच्या बाजूला मामाकडं गेलो आणि परत आलो तेव्हा पाणी उतरलेलं आणि घरात गुडघ्याएवढा गाळ. तो वास अजून नाकात आहे, कुजलेला ऊस, मेलेली जनावरं, ओला कापूस, सगळं एकत्र.

माझी दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट, एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सगळं एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये होतं आणि फाईलमध्ये पाणी गेलेलं. आईनं एकेक कागद सुटा करून पोटमाळ्यावरच्या तारेला कपड्यांच्या चिमट्यानं अडकवला. दहावीची मार्कशीट वाळली पण शिक्क्याची शाई सगळीकडं पसरली, एलसीचा घडीवर तुकडा पडला. जर्नलांचा तर लगदा झाला होता, पान सुटतच नव्हतं. फिजिक्सचं जर्नल, केमिस्ट्रीचं जर्नल, दोन्ही गेली, त्यातल्या सह्या झालेल्या प्रॅक्टिकल्ससकट.

कॉलेज परत सुरू झालं तेव्हा पुरातल्या गावांची आम्ही बरीच पोरं होतो. पुस्तकं काही संस्थांनी दिली, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण प्रॅक्टिकल परीक्षेला सर्टिफाईड जर्नल लागतं, ते नव्हतं, परत लिहायला वेळ नव्हता कारण घरात भिंतीला ओल, रात्री लाईटचा पत्ता नाही, आणि दिवसा निम्मा वेळ पंचनामा, तलाठी, बँक यात आण्णांबरोबर जायचे कारण फॉर्म भरायला त्यांना कुणीतरी लागायचं. पहिल्या सेमिस्टरला फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही राहिले. एटीकेटी. मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा आमची झालीच नाही, पुढच्या वर्षात ढकललं, पण आधीचे विषय मानगुटीवर तसेच.

घरात तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं, बीएस्सी कशीतरी पूर्ण कर. मामा म्हणायचा, "बाळा, डिग्री हातात असूदे, मग बघू काय करायचं ते." त्याचं चुकीचं नव्हतं, त्यानं आम्हाला महिनाभर घरात ठेवून घेतलेलं, त्याच्या शब्दाला किंमत होती. पण माझ्या डोक्यात तोवर दुसरं काहीतरी बसलेलं, आणि ते पूर उतरल्यावर झालेल्या आरोग्य शिबिरात बसलेलं.

गावातल्या शाळेत शिबिर होतं. ताप, जुलाब, पायाच्या चिखल्या यासाठी डॉक्टर आलेले, आणि एका कोपऱ्यात दाताच्या डॉक्टरांची टीम. मी आज्जीला बीपी बघायला घेऊन गेलेले. रांग मोठी होती म्हणून दाताच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, तोवर इकडं बसवा आज्जींना. आज्जी बसली शाळेच्या बाकावर. त्या मॅडमनी डोक्याला लावलेला दिवा चालू केला, आरसा तोंडात घातला, आणि खालचा ओठ बोटानं हळूच बाहेर ओढला. आत हिरडीला लागून एक पांढरा पट्टा होता. जाड, सुरकुतलेला, गाजराची साल वाळल्यावर दिसते तसा. मी त्या घरात जन्मल्यापासून राहतेय, आज्जी रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची, ती रोज तिथंच दाबून बसायची अंगणात, आणि आमच्या घरातल्या एकाही माणसानं तिचा ओठ कधी उघडून बघितलेला नव्हता.

मॅडमनी विचारलं, "किती वर्षं लावताय?"

आज्जी म्हणाली, "लगीन हून आल्यापास्नं. सासूच लावायची की."

मॅडमनी ते कागदावर लिहिलं, मिरजेला जाऊन तुकडा काढून तपासून घ्या म्हणाल्या, आणि आज्जीचा हात धरून मिश्री बंद करायला सांगितली. भाषण नाही, भीती नाही. एवढंच म्हणाल्या की आज्जी हे आत्ता बरं होण्यासारखं आहे, उशीर केला तर माझ्या हातात राहणार नाही. आम्ही मिरजेला गेलो, तपासलं, कॅन्सर नव्हता. बदलाला सुरुवात झालेली होती, मिश्री सुटली तर थांबेल असं सांगितलं. आज्जीनं सोडली. सोपं नव्हतं, चिडचिड, पोट साफ न होणं, सगळं झालं, पण सोडली. तो पट्टा हळूहळू पातळ झाला, ते मी स्वतः दर महिन्याला बॅटरी लावून बघायचे.

म्हणून "एमबीबीएस मिळालं नाही म्हणून डेंटल" असं कुणी म्हटलं की मला मनापासून राग येतो. आमच्याकडं हे सर्रास म्हणतात, नातेवाईक तर तोंडावर म्हणतात. मी प्रेफरन्स फॉर्ममध्ये डेंटलच भरलं होतं, ठरवून. सातारा, सांगली, कोल्हापूर, या तीन जिल्ह्यांत मिश्री लावणाऱ्या बायका घराघरात आहेत, गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे तरी टपरीवर मिळतो, सुपारी आणि मावा खाऊन विशी-पंचविशीतल्या पोरांची तोंडं उघडत नाहीत. खरंच उघडत नाहीत. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात, या पोरांचं एक बोट जाताना मारामार. सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात त्याला, आणि तो सुपारीनं होतो, फक्त तंबाखूनं होतो असं नाही, त्यामुळं "मी नुसती सुगंधी सुपारी खातो" हे काही खरं नाही. हे सगळं काम दाताच्या डॉक्टरचं आहे. तोंड रोज बघणारा माणूस तोच.

तर ठरवलं, नीट परत द्यायची. आता अभ्यासाचं सांगते कारण मेसेज करणाऱ्यांना तेच पाहिजे असतं.

नीट ७२० मार्कांची, त्यात बायोलॉजी ३६०. म्हणजे निम्मे मार्क एकट्या बायोलॉजीचे, फिजिक्स १८०, केमिस्ट्री १८०. बरोबर उत्तराला चार, चुकीला एक वजा. आमच्यासारखी पोरं, ज्यांना क्लास लावायला लातूर-पुण्याला जाणं शक्य नाही आणि ज्यांचं फिजिक्स कच्चं आहे, त्यांनी फिजिक्सच्या मागं लागून वर्ष घालवण्यापेक्षा बायोलॉजी एवढी पक्की करावी की त्यात चुकायला जागा राहू नये. हे माझं ठाम मत आहे, क्लासवाल्यांना पटणार नाही. मी एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकांतली अकरावी बारावीची बायोलॉजी ओळन् ओळ वाचली, आकृतीखालची बारीक अक्षरं पण, चौकटीतलं पण, कारण प्रश्न तिथनंच येतात. मराठी मिडीयममधनं आल्यामुळं पहिल्यांदा एका पानाला तास लागायचा. मग हळूहळू अर्धा, मग वीस मिनिटं. एकदा का ते पुस्तक आपलं झालं की मग वेग आपोआप येतो. केमिस्ट्रीत इनऑर्गॅनिक आणि ऑर्गॅनिक एनसीईआरटीतनंच, फिजिकलमधलं मोजकं. फिजिक्समध्ये मॉडर्न फिजिक्स, सेमिकंडक्टर, करंट इलेक्ट्रिसिटी, थर्मोडायनॅमिक्स, युनिट्स असे धडे आधी धरले जिथं फॉर्म्युला लावला की उत्तर येतं, रोटेशनल मोशन शेवटी. आणि जुने पेपर. घड्याळ लावून, तीन तास, न उठता, दुपारी दोन ते पाच कारण परीक्षेची वेळ तीच. आई त्या वेळात कुणाला घरात येऊ द्यायची नाही, पाहुणे आले तरी ओसरीवरच चहा.

पैशासाठी पलूसला मावशीच्या ओळखीच्या बागेत विरळणीला जायचे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, द्राक्षाचा घड लहान असताना त्यातले मणी छोट्या कात्रीनं कमी करतात, नाहीतर मणी फुगत नाहीत. मान वर करून, हात वर धरून, एकेक मणी, शेजारच्या मण्याला कात्रीचं टोक लागता कामा नये. पगार हजेरीवर. संध्याकाळी मान धरलेली असायची. फोनवर बायोलॉजीचं रेकॉर्डिंग स्वतःच्याच आवाजात करून ठेवलेलं, ते कानात लावून काम करायचे. शेजारच्या बायकांना वाटायचं गाणी ऐकतेय. एक दिवस एका मावशीनं एक इयरफोन मागून घेतला आणि मग तिला सगळं जेवण पचायचं कसं ते सांगितलं बागेतच, तोंडातल्या लाळेपासनं सुरू करून. तिला आवडलं. रोज विचारायची, आज काय आहे गं.

२०२० ची नीट कोरोनामुळं पुढं पुढं जात १३ सप्टेंबरला झाली. मास्क, हातमोजे, सॅनिटायझर. त्या वेळी स्कोअर वाढला पण पाहिजे तेवढा नाही. घरात परत तीच चर्चा. आण्णा काही बोलले नाहीत, दोन दिवस रानात जाऊन बसले, मग तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून आले आणि म्हणाले, "एवढं वाचलंयस तर अजून एकदा दे की. ऊस काय एका वर्षात कळतो का?" त्यावर मामाही गप्प झाला.

२०२१ ची नीट आधी १ ऑगस्टला होती, मग पुढं ढकलून १२ सप्टेंबर ठरली. आणि जुलैच्या शेवटाला परत पूर. खोटं सांगत नाही, तारीख पुढं गेली नसती तर मी पेपरला बसूच शकले नसते, आमच्या गावाचे रस्ते पाण्याखाली होते. पण या वेळी पाणी वाढायला लागलं तसं सगळ्यात आधी पुस्तकं आणि कागदपत्रं मामाच्या घरी पोचवली, म्हशी नंतर. आज्जीच म्हणाली, "आदी तुझं दप्तर ने." मामाच्या जिन्याखालच्या खोलीत बसून शेवटची उजळणी केली.

पेपर बरा गेला. बायोलॉजी खूप बरी गेली. निकाल आला तेव्हा बीडीएससाठी पुरतील एवढे मार्क होते, पण त्या वर्षी आरक्षणाच्या कोर्टातल्या केसमुळं सगळंच लांबलं, कौन्सिलिंग, म्हणजे जागावाटप, जानेवारी २०२२ ला सुरू झालं. ते मधले महिने फार वाईट गेले, कारण लोक रोज विचारणार लागला का नंबर आणि आपल्याकडं उत्तर नाही.

आता ॲडमिशनचं. आपल्या राज्यातली प्रक्रिया सीईटी सेल या राज्याच्या कक्षाकडनं होते, कॅप राऊंड, म्हणजे एकत्रित प्रवेश फेऱ्या. रजिस्ट्रेशन, कागदपत्रं अपलोड, मेरिट लिस्ट, मग कॉलेजांचा प्रेफरन्स फॉर्म, मग राऊंड. माझ्या वेळी सरकारी डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, शिवाय मुंबई महापालिकेचं नायर. आमच्या बाजूला सरकारी एकही नाही. बाकी खाजगी, त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. आणि एक तिसरा प्रकार, डीम्ड, म्हणजे ज्यांना विद्यापीठाचा दर्जा आहे अशा संस्थांची कॉलेजं. सांगलीतलं भारती विद्यापीठाचं आणि कराडचं कृष्णा हे डीम्डमध्ये येतात, त्यांच्या जागा राज्याच्या कॅपमधून नाही तर दिल्लीच्या एमसीसी या केंद्राच्या समितीच्या कौन्सिलिंगमधून भरतात आणि फीचं गणित वेगळं असतं. कॉलेज चांगलं की वाईट हा मुद्दा नाही, पण शिष्यवृत्तीवर शिकायचं असेल तर हा फरक आधी समजून घ्या, कारण राज्याची फी सवलत कॅपमधून लागलेल्या ॲडमिशनला मिळते. आमच्या गावातल्या एका घरानं हे न कळल्यामुळं जमीन गहाण टाकली.

पहिल्या राऊंडला माझं नाव आलं नाही. नंतरच्या राऊंडला आलं. रात्री लिस्ट लागली, पीडीएफ उघडायला फोन अडकत होता, शेवटी मामाच्या पोरानं त्याच्या फोनवर नंबर शोधला आणि ओरडला. आई रडली. आण्णांनी फक्त विचारलं, "फी कवा भरायची?"

कागदपत्रांत तो पूर परत आडवा आला. दहावीची मार्कशीट बघून कॉलेजातल्या क्लार्कनं कागद उलटासुलटा केला, शिक्का वाचता येत नाही म्हणाले. मी आधीच कोल्हापूर विभागीय मंडळातनं डुप्लिकेट काढून ठेवली होती, ती दिली, मिटलं. हे डुप्लिकेट काढणं अवघड नाही, शाळेमार्फत अर्ज करायचा, फी भरायची, थोडे दिवस लागतात. पण ते लिस्ट लागल्यावर करायला गेलात तर सीट जाईल, कारण रिपोर्टिंगला चार-पाच दिवस असतात. दुसरं, बीएस्सीच्या कॉलेजातनं एलसी. तिथं लायब्ररीची बाकी, लॅबची बाकी, सगळी नो ड्यूज करूनच मिळते. मी महापुरात गेलेल्या एका पुस्तकाचे पैसे भरले तेव्हा मिळाली. आणि गॅपचं ॲफिडेव्हिट, नोटरीकडनं. त्यात मी खरं तेच लिहिलं, बीएस्सीला होते, सोडली, नीटची तयारी केली. त्यावर कुणी एक प्रश्न पण विचारला नाही. ज्या केटीसाठी मी रात्र रात्र जागून घाबरले होते तिची मार्कशीट त्या टेबलावर कुणी मागितली नाही.

पहिलं वर्ष अवघड असतं, हे आधीच सांगून ठेवते. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, आणि डेंटल ॲनाटॉमी. पास व्हायला ५० टक्के लागतात, थिअरीला वेगळे आणि प्रॅक्टिकलला वेगळे. बरीच हुशार पोरं पहिल्या इंटर्नलला कोसळतात कारण त्यांना आयुष्यात कमी मार्क माहीतच नसतात. मला माहीत होते, त्यामुळं मी कोसळले नाही, दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून बसले. आणि जर्नलचं एक पान लिहून झालं की लगेच फोनवर फोटो काढून ड्राईव्हला टाकायची सवय मला आहे, आजही. माझ्या रूममेटनं पण तीच उचलली.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते वॅक्स कार्व्हिंग. मेणाचा ठोकळा देतात, आयताकृती, आणि कार्व्हरनं त्यातनं दात कोरून काढायचा, मापानं. पहिल्यांदा वरचा मधला पटाशीचा दात. लांबी, रुंदी, कुठं फुगवटा, कुठं उतार, मेसियल, म्हणजे मधल्या रेषेकडच्या बाजूचा कोपरा टोकदार आणि डिस्टल, म्हणजे तिच्या उलट बाजूचा जरा गोल. एक जास्तीचा ओरखडा बसला की ठोकळा वाया. वर्गातल्या बऱ्याच जणांचा हात थरथरायचा आणि माझा नाही. मॅडमनी विचारलं चित्रकला करतेस का, मी म्हटलं नाही, विरळणी केलीय. त्या पण तासगावकडच्याच निघाल्या, लगेच कळलं त्यांना. वरची पहिली दाढ कोरताना आतल्या बाजूला कधीकधी एक छोटा जास्तीचा उंचवटा असतो, कॅराबेलीचा कस्प म्हणतात, तो मी कोरून दाखवला तेव्हा त्यांनी तो ठोकळा डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवून घेतला.

पहिल्या दाढेचं निघालंच आहे तर एक सांगूनच टाकते, वाचणाऱ्यांत आया असतील. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, आणि ती येताना कुठलाच दुधाचा दात पडत नाही, ती दुधाच्या दाढांच्या मागं नवीन जागेत येते. त्यामुळं घरात कुणाला कळतच नाही की कायमचा दात आलाय. ती किडली तरी "दुधाचा आहे, पडेल" म्हणून सोडून देतात. ओपीडीला नऊ-दहा वर्षांची पोरं येतात आणि त्यांची खालची पहिली दाढ पार पोखरलेली असते, आणि आई म्हणते, ह्यो पडून दुसरा यायचाय न्हवं? ती दुसरी येत नाही. पोरगं पहिलीत गेलं की एकदा तोंड उघडून मागं बघा.

आता मी क्लिनिकला पेशंट बघते. मिरज, सांगली, कुपवाड, जत, कवठेमहांकाळ, कुठनं कुठनं येतात. मिश्रीवाल्या बायका आल्या की मी स्वतः मागून घेते ती केस. ओठ बाहेर ओढून बघायच्या आधी मी त्यांना विचारते, सासू पण लावायची का. मग त्या बोलायला लागतात. बऱ्याच जणींना कुणी कधी विचारलेलंच नसतं. सगळ्या सोडत नाहीत. काही परत येतात आणि सांगतात डॉक्टर, दिवसातनं एकदाच लावते आता. मी फाईलवर तसं लिहिते आणि पुढची तारीख देते.

पैशाचं राहिलंच. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखाच्या आत असेल तर, महाडीबीटी या सरकारी वेबसाईटवर फॉर्म भरायचा. आमच्या सुरुवातीच्या वर्षांत निम्मी ट्यूशन फी माफ होती, २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना पूर्ण ट्यूशन फीची सवलत आली, त्यानं आमच्या घरावरचं किती ओझं उतरलं ते शब्दात सांगता येणार नाही. अल्पभूधारकांच्या पोरांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता पण आहे. ही सवलत फक्त ट्यूशन आणि परीक्षा फीची असते हे लक्षात ठेवा, हॉस्टेल, मेस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इन्स्ट्रुमेंट्स आणि मटेरियल, त्याचे पैसे वेगळे उभे करावे लागतात. दुसऱ्या वर्षाला प्रीक्लिनिकल, म्हणजे पेशंट बघायच्या आधीचा सराव, सुरू झालं की यादी मोठी असते. सीनियर लोक पास होऊन जाताना आपली इन्स्ट्रुमेंट्स निम्म्या किमतीत देतात, मी बरीचशी तशीच घेतली, चांगली चालतात.

उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, जात पडताळणी, डोमिसाईल, हे सगळं नीटचा निकाल लागायच्या आधीच काढून ठेवा. जून-जुलैला पलूसच्या तहसीलला आणि सेतूत उभं राहायला जागा नसते आणि सर्व्हर बंद असतो. जात पडताळणीला तर महिने जातात. सगळ्याचे स्कॅन ईमेलला, आणि नदीकाठचे असाल तर ओरिजिनल फाईल पावसाळ्याचे चार महिने वरच्या गावातल्या कुणा पाहुण्याकडं. आमची फाईल अजूनही दर मे महिन्याच्या शेवटी मामाकडं जाते, आणि या वर्षीपासून तिच्यात माझ्या धाकट्या भावाची बारावीची मार्कशीट पण आहे. त्याला फार्मसी करायची आहे.